चहाने झोप जाते ती कशी? मेंदूतली ‘जागा’ अडवणारी रसायने आणि अभ्यासाच्या पावडरींमागचे खरे-खोटे

रात्रीच्या विजेवर पाणी धरायचे असो, उसाची ट्रॉली कारखान्यावर न्यायची असो की भरतीचा अभ्यास असो, जागरण आले की पहिला आधार चहाचा. आता त्यात एनर्जी ड्रिंकच्या बाटल्यांची भर पडली आहे. मोबाईलवर तर ‘मेंदू तल्लख करा’, ‘वाचलेले विसरणार नाही’ अशा गोळ्या-पावडरींच्या जाहिराती रोजच दिसतात. काही पावडरींवर ‘संशोधनासाठी’ असा शब्दही छापलेला असतो, आणि वाचणाऱ्याला वाटते की शास्त्रज्ञ वापरतात म्हणजे माल चांगलाच असणार.

या सगळ्याच्या मुळाशी मेंदूतले एक रसायन आहे. त्याचे नाव अडेनोसिन. चहा-कॉफीतले कॅफिन या अडेनोसिनचा रस्ता अडवते. असा रस्ता अडवणारे आणखी कितीतरी पदार्थ प्रयोगशाळेत आहेत आणि स्मरणशक्ती, लक्ष, झोप यांचा अभ्यास करायला शास्त्रज्ञ ते वापरतात. मात्र प्रयोगशाळेतला पदार्थ वेगळा आणि घरात पोराला द्यायचा पदार्थ वेगळा. हा फरक नीट समजला नाही तर पैसा जातोच, जिवावरही बेतू शकते.

अडेनोसिन म्हणजे काय?

शरीरातल्या प्रत्येक पेशीला काम करायला इंधन लागते. त्या इंधनाला एटीपी म्हणतात. हे इंधन वापरले गेले की तुटत तुटत शेवटी त्यातून अडेनोसिन उरते. माणूस जागा असतो तेव्हा मेंदू सतत काम करत असतो. त्यामुळे जागरण वाढेल तसे मेंदूच्या काही भागांत अडेनोसिन साचत जाते आणि झोप अनावर होते. झोप मिळाली की ते पुन्हा कमी होते.

१९९७ साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाशी संबंधित शास्त्रज्ञांनी हे मांजरांवर तपासले. मांजरांना काही तास झोपू दिले नाही, तेव्हा मेंदूच्या पुढच्या तळाकडील भागात अडेनोसिन वाढलेले दिसले. नंतर मांजरे झोपली, तसे ते हळूहळू उतरले. थोडक्यात, अडेनोसिन म्हणजे ‘आता पुरे, विश्रांती घे’ असा मेंदूला मिळणारा निरोप.

अडेनोसिनची ओळख मात्र आधी हृदयामुळे झाली. १९२९ साली केंब्रिजमध्ये अ‍ॅलन ड्रुरी आणि अल्बर्ट सेंट-ग्योर्गी यांनी ते जनावरांना टोचून पाहिले, तर हृदयाचे ठोके मंदावले. आजही हृदयाचे ठोके अचानक फार वाढले, तर काही विशिष्ट प्रकारांत डॉक्टर दवाखान्यात अडेनोसिनचेच इंजेक्शन देतात.

एसटीतला रुमाल

अडेनोसिन मेंदूत नुसते फिरून काही करत नाही. पेशीच्या अंगावर त्याच्यासाठी ठरावीक जागा असतात. त्यांना ग्राही म्हणतात. अडेनोसिन त्या जागेवर बसले, तरच पेशीला निरोप मिळतो.

आता कॅफिन काय करते ते पाहा. यात्रेच्या दिवशी एसटी स्टँडवर लागली की खाली उभा असलेला माणूस खिडकीतून आत रुमाल टाकतो. तो अजून चढलेला नसतो, पण जागा धरली जाते. दाराने आलेला प्रवासी सीटजवळ येतो, रुमाल पाहतो आणि उभाच राहतो. कॅफिन म्हणजे तो रुमाल. त्याचा आकार अडेनोसिनशी बराच मिळताजुळता असल्यामुळे ते त्या जागेवर बरोबर बसते, पण ‘विश्रांती घे’ हा निरोप मात्र देत नाही. जागा अडवून ठेवणे एवढेच त्याचे काम. अशा पदार्थांना ‘अडेनोसिन ग्राही रोधक’ म्हणतात.

यातून दोन गोष्टी कळतात. पहिली, कॅफिन अंगात ताकद भरत नाही. थकवा आहे तिथेच असतो, त्याचा निरोप तेवढा पोहोचत नाही. सोसायटीची नोटीस पेटीत लपवली म्हणून कर्ज फिटत नाही, तसेच हे. दुसरी गोष्ट, कॅफिनचा असर उतरतो तेव्हा उभे राहिलेले सगळे प्रवासी एकदम बसतात. म्हणून चहा-कॉफीवर काढलेल्या रात्रीनंतर सकाळी एकाएकी गळून गेल्यासारखे होते.

रोज चहा घेणाऱ्याला तोच कप पुढे पुढे पुरत नाही, यालाही कारण आहे. जागा सतत अडलेल्या राहिल्या की मेंदू जुळवून घेतो. जनावरांवरच्या प्रयोगांत अशा जागांची संख्याच वाढलेली दिसली आहे. मग एखाद्या दिवशी चहा मिळाला नाही तर डोके ठणकते. ऑपरेशनआधी उपाशी ठेवलेल्या चहाबाज माणसाचे डोके दुखते, त्यामागे बऱ्याचदा हेच असते.

शास्त्रज्ञांना वेगवेगळे रोधक कशाला लागतात?

कॅफिन वेगळे काढले गेले १८१९ साली. जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रीडलीब रूंग यांनी ते कॉफीच्या बियांतून काढले. पण ते काम कसे करते, हे कळायला पुढची दीडशेहून जास्त वर्षे गेली. १९८१ साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे सॉलोमन स्नायडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की कॅफिन आणि त्याच्या जातीचे पदार्थ तरतरी आणतात ते अडेनोसिनच्या जागा अडवून.

अडेनोसिनच्या जागा एकाच प्रकारच्या नसतात, चार प्रकारच्या असतात. मेंदूच्या बाबतीत त्यातल्या दोन महत्त्वाच्या. एकीला ए-वन म्हणतात, दुसरीला ए-टू-ए. ए-वन मेंदूत जवळपास सगळीकडे आहे. आठवणी तयार होतात त्या भागातही ती भरपूर आहे. पेशी-पेशींमधले बोलणे हळू करणे हे तिचे काम. ए-टू-ए सर्वांत दाट आहे ती मेंदूच्या खोल भागात, जिथून हालचाल, उत्साह आणि सवयी यांचा कारभार चालतो.

अडचण अशी, की कॅफिन या दोन्ही जागा अडवते. मग चहाने झोप उडाली ती कोणती जागा अडल्यामुळे? एकट्या कॅफिनवरून ते कळत नाही. गावात वायरमन काय करतो? कोणती लाइन कुठे जाते हे समजत नसेल तर एकेक फ्यूज काढून पाहतो. ज्या घराचा दिवा गेला, ती त्या घराची लाइन. शास्त्रज्ञांनीही तेच केले. फक्त ए-वन अडवणारा डीपीसीपीएक्स नावाचा पदार्थ तयार झाला, तर मुख्यतः ए-टू-ए अडवणारा एससीएच-५८२६१ हा दुसरा. असे पदार्थ म्हणजे प्रयोगशाळेतले फ्यूज काढायचे पकड-पान्हे. ते औषध म्हणून बनवलेले नाहीत. मेंदूला प्रश्न विचारण्याची ती हत्यारे आहेत.

दुसरी युक्ती म्हणजे, जन्मतःच ठरावीक जागा नसलेले उंदीर तयार करणे. २००५ साली जपानमधील शास्त्रज्ञांनी अशा उंदरांना कॅफिन दिले. ज्यांच्यात ए-वन जागा नव्हती, ते कॅफिनने नेहमीसारखे जागे राहिले. ज्यांच्यात ए-टू-ए जागा नव्हती, त्यांच्यावर कॅफिनचा काही परिणामच झाला नाही. म्हणजे चहा-कॉफीने झोप उडते ती ए-टू-ए जागा अडल्यामुळे, हे पक्के झाले.

मग स्मरणशक्ती वाढते का?

पालकांना आणि पोरांना खरा रस आहे तो या प्रश्नात. उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असे एका शब्दात मिळत नाही. म्हणूनच जाहिरातवाल्यांचे फावते.

प्रयोगशाळेत उंदरांची स्मरणशक्ती बिघडवून रोधकांचा उपयोग तपासला गेला आहे. अल्झायमर या विस्मरणाच्या आजारात मेंदूत अमायलॉइड नावाचे प्रथिन साचते. ब्राझील आणि पोर्तुगालच्या शास्त्रज्ञांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात उंदरांच्या मेंदूत या प्रथिनाचा तुकडा सोडला. ते उंदीर शिकलेले विसरू लागले. पण ज्यांना कॅफिन किंवा ए-टू-ए रोधक दिला होता, त्यांची स्मरणशक्ती बरीच टिकली. तेव्हापासून या जागेकडे आशेने पाहिले जाते. पण हे आजारी केलेल्या उंदरांबद्दल आहे, बारावीच्या धडधाकट पोराबद्दल नाही.

माणसांवरचा गाजलेला प्रयोग २०१४ सालचा, जॉन्स हॉपकिन्सचाच. फारसा चहा-कॉफी न घेणाऱ्या लोकांना चित्रे दाखवली आणि त्यानंतर काहींना २०० मिलिग्रॅम कॅफिनची गोळी दिली, काहींना नुसती नावाची गोळी. दुसऱ्या दिवशी एकसारख्या दिसणाऱ्या चित्रांतला फरक ओळखण्यात कॅफिन घेतलेले थोडे सरस ठरले. बातम्या जगभर झळकल्या. नंतर दुसऱ्या शास्त्रज्ञांनी तोच प्रयोग पुन्हा करून पाहिला, तेव्हा हा फायदा असलाच तर अगदी किरकोळ आहे, असे निघाले. ही दुसरी बातमी मात्र फारशी कुणाच्या मोबाईलवर आली नाही.

जागरणाच्या बाबतीत चित्र जास्त स्पष्ट आहे. अमेरिकी नौदलाच्या कमांडोंच्या खडतर प्रशिक्षणात जवानांना तीन दिवस जवळपास झोपच मिळाली नव्हती. त्यांना १००, २०० आणि ३०० मिलिग्रॅम कॅफिन देऊन पाहिले. हा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. २०० मिलिग्रॅमने त्यांचे लक्ष आणि प्रतिसादाचा वेग सुधारला. बंदुकीच्या नेमबाजीत मात्र फरक पडला नाही. म्हणजे कॅफिनने थकलेल्या माणसाचे डोळे उघडे राहतात, पण त्याची सगळी कामे ताज्या माणसासारखी होत नाहीत.

अभ्यास करणाऱ्यांसाठी यातली मेख महत्त्वाची आहे. दिवसभर वाचलेले डोक्यात पक्के बसते ते झोपेत. रात्रभर जागून चार धडे जास्त वाचले, पण ते पक्के करणारी झोपच मोडली, तर मळणी करून धान्य उघड्यावर टाकल्यासारखे होते.

प्रयोगशाळेपासून दवाखान्यापर्यंतची वाट

अडेनोसिन रोधकांतून खरी औषधेही निघाली आहेत. पण ती वाट किती लांब आणि खाचखळग्यांची असते, ते पाहण्यासारखे आहे.

कंपवात म्हणजे पार्किन्सन या आजारात हालचाल मंदावते, हात थरथरतात. ए-टू-ए जागा हालचालीच्या भागात दाट असल्यामुळे ती अडवली तर रुग्णाला आराम पडेल, असे वाटले. त्यातून इस्ट्राडेफायलिन हे औषध आले. जपानने त्याला २०१३ साली आणि अमेरिकेने ऑगस्ट २०१९ मध्ये मान्यता दिली. तीही नेहमीच्या औषधाच्या जोडीला देण्यासाठी. स्मरणशक्ती वाढवायला नाही.

त्याच जातीचे प्रीलाडेनंट नावाचे दुसरे औषध सुरुवातीला चांगले वाटले, पण मोठ्या चाचण्यांत त्याचा उपयोग सिद्ध झाला नाही. २०१३ साली ते बंद झाले. तिसरे टोझाडेनंट. त्याची चाचणी शेवटच्या टप्प्यात असताना काही रुग्णांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी धोकादायक कमी झाल्या, जंतुसंसर्ग झाला आणि काहींचा मृत्यू झाला. २०१७ साली ते काम थांबवावे लागले. हे सगळे मोठ्या कंपन्यांच्या, डॉक्टरांच्या देखरेखीखालील चाचण्यांत घडले, जिथे रुग्णांचे रक्त वेळोवेळी तपासले जात होते. घरी मागवलेल्या पावडरीवर देखरेख कोण करणार?

आपल्याकडच्या दवाखान्यांतही या जातीची औषधे आहेत. दम्याच्या रुग्णांना वर्षानुवर्षे दिले जाणारे थिओफायलिन हे कॅफिनचेच भावंड. त्याने श्वास मोकळा होतो, पण अनेकांना धडधड होते, हात कापतात, झोप येत नाही. मात्रा जास्त झाली तर झटकेही येऊ शकतात. दिवस भरायच्या आत जन्मलेले बाळ श्वास घ्यायला विसरते, तेव्हा त्याला डॉक्टर मोजून कॅफिन देतात. मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात असे कॅफिन मिळालेल्या बाळांत दीड-पावणेदोन वर्षांच्या वयात अपंगत्वाचे प्रमाण कमी आढळले. पदार्थ तोच, पण वजन करून, मोजून, तज्ज्ञाच्या हातून दिला तर औषध. अंदाजाने घेतला तर विष.

‘संशोधनासाठी’ म्हणजे काय?

प्रयोगशाळांना रसायने विकणाऱ्या कंपन्या त्यांच्या बाटलीवर ‘केवळ संशोधनासाठी, माणसांच्या वापरासाठी नाही’ असे लिहितात. त्याचा अर्थ ‘उच्च दर्जाचा माल’ असा नाही. त्याचा अर्थ असा, की हा पदार्थ माणसाला किती द्यावा, दिल्यावर काय होईल, यकृत-मूत्रपिंडावर काय परिणाम होईल, हे औषधासारखे तपासलेले नाही. कीटकनाशकाच्या डब्यावर जसा त्रिकोण पाहायचा, तशीच ही ओळ पाहायची. ती इशारा आहे, जाहिरात नाही.

शुद्ध कॅफिनच्या पावडरीचे उदाहरण पुरेसे आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने दिलेल्या इशाऱ्यानुसार, अशा पावडरीच्या एका चहाच्या चमच्यात सुमारे २८ कप कॉफीइतके कॅफिन असते. २०१४ साली तिथे दोन तरुणांचा अशा पावडरीने मृत्यू झाला होता. घरातल्या चमच्याने मोजताना थोडी जास्त पडली, एवढीच चूक पुरते.

मग चहा किती चालतो?

घाबरून चहा सोडायचे कारण नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार १५० मिलिलिटरच्या एका कप चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम, साध्या झटपट कॉफीत ५० ते ६५ मिलिग्रॅम कॅफिन असते आणि दिवसाला एकूण ३०० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये. म्हणजे पाच कप कडक चहा झाला की मर्यादा ओलांडली जाऊ शकते. जेवणाआधी आणि नंतर तासभर चहा टाळावा, असेही त्यात सांगितले आहे, कारण चहामुळे अन्नातले लोह अंगी लागत नाही. रक्त कमी असलेल्या बायाबापड्यांसाठी ही गोष्ट फार महत्त्वाची आहे.

एनर्जी ड्रिंकबाबत देशाचा नियम असा, की त्यात लिटरमागे १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफिन असावे. मुले, गरोदर व स्तनदा माता यांनी ते घेऊ नये आणि दिवसाला ५०० मिलिलिटरपेक्षा जास्त नको, अशी सूचना बाटलीवर असते. अक्षर बारीक असते, म्हणून वाचले जात नाही. जुलै २०२४ मध्ये शाळांच्या ५०० मीटर परिसरात जास्त कॅफिनच्या पेयांवर विक्रीबंदी आणण्याची घोषणा राज्याच्या विधान परिषदेत झाली होती.

वेळेचाही हिशेब ठेवावा. पोटात गेलेले कॅफिन निम्मे व्हायला साधारण पाच तास लागतात. गरोदरपणात त्याहून खूप जास्त. संध्याकाळी सातला १०० मिलिग्रॅम घेतले, तर रात्री बाराला त्यातले ५० अंगात असतातच. अमेरिकेतील २०१३ सालच्या एका अभ्यासात झोपायच्या सहा तास आधी घेतलेल्या ४०० मिलिग्रॅम कॅफिननेही झोप तासाभराहून जास्त कमी झाली.

हे लक्षात ठेवा

– रात्री पाणी धरायला जायचे असेल तर दुपारी तास-दीड तास झोप काढून ठेवा. चहा झोपेच्या जोडीला चालतो, झोपेच्या बदल्यात नाही.

– ट्रॅक्टर, टेम्पो किंवा मोटारसायकल चालवताना डुलकी येत असेल तर चहा पिऊन रेटू नका. गाडी रस्त्याच्या पूर्ण बाजूला घ्या, दिवे चालू ठेवा आणि थोडी झोप घ्या.

– मुलांना अभ्यासासाठी एनर्जी ड्रिंक, गोळी किंवा पावडर देऊ नका. परीक्षेच्या आदल्या रात्री तर नाहीच.

– दमा, हृदयविकार, रक्तदाब, झटके यांचा त्रास असेल किंवा दिवस गेलेले असतील, तर चहा-कॉफी किती घ्यावी हे डॉक्टरांना विचारा. हृदयाच्या काही तपासण्यांत अडेनोसिन वापरतात. तपासणीआधी चहा बंद ठेवायला सांगितले असेल तर ‘एक घोट’सुद्धा घेऊ नका, तपासणी फुकट जाऊ शकते.

– कॅफिन जास्त होऊन छातीत धडधड, सतत उलट्या, झटके किंवा बडबड सुरू झाली तर वाट पाहू नका. १०८ ला फोन करा आणि काय घेतले होते ती बाटली किंवा पाकीट सोबत न्या.

शास्त्रज्ञ अजूनही या रोधकांच्या मदतीने आठवण कशी बनते, म्हातारपणी ती का जाते, हे शोधत आहेत. उद्या त्यातून विस्मरणाच्या आजारावर औषध निघेलही. निघाले तर ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, औषधाच्या दुकानात मिळेल. तोवर पोराच्या अभ्यासासाठी तपासलेला उपाय एकच आहे, त्याला पैसेही पडत नाहीत. वेळेवर दिवा मालवायचा आणि त्याला झोपू द्यायचे.